मागापासून प्रबंधापर्यंत : व्यवसायोपचाराच्या शिक्षणाची वाटचाल

व्यवसायोपचार म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. आजार, अपघात किंवा जन्मजात व्यंग यांमुळे माणसाची रोजची कामे अडली, तर ती कामेच हाताशी धरून त्याला पुन्हा सावरण्याचे हे शास्त्र आहे. शर्टाचे बटण लावणे, भाकरी थापणे, वहीत रेघेवर लिहिणे, कारखान्यात किंवा कचेरीत पुन्हा रुजू होणे ही त्याची उद्दिष्टे आणि बऱ्याचदा हीच त्याची साधने. या विषयात आज भारतात पदवी, पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.पर्यंत शिकता येते. अमेरिकेत तर पदव्युत्तर शिक्षणाशिवाय या व्यवसायात पाऊल टाकता येत नाही. शंभर वर्षांपूर्वी मात्र हे काम शिकायला काही आठवडे पुरत. काही आठवड्यांच्या शिकवणीपासून शोधप्रबंधापर्यंतच्या या वाढीत एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो : रुग्णाच्या हाताला काम देणे ही विद्या आहे, की नुसता चांगुलपणा?

या विचाराचे मूळ मनोरुग्णालयांत आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये फिलिप पिनेल आणि इंग्लंडमध्ये विल्यम ट्यूक यांनी वेडाच्या रुग्णांना साखळदंडात डांबून ठेवण्याची रीत मोडायला सुरुवात केली. ट्यूक क्वेकर पंथाचे होते. त्यांनी १७९६ मध्ये यॉर्क येथे उघडलेल्या ‘रिट्रीट’मध्ये रुग्णांना बागकाम, शिवणकाम, जनावरांची निगा अशी कामे दिली जात. ठरलेल्या वेळी ठरलेले काम केल्याने विस्कटलेले मन ताळ्यावर येते, अशी त्यामागची धारणा होती. हीच पद्धत क्वेकरांनी पुढे अमेरिकेत नेली आणि १८१७ मध्ये फिलाडेल्फियाजवळ त्यांचे मनोरुग्णालय सुरू झाले. या छोट्या, शांततावादी पंथाचा संबंध पुढे थेट मुंबईच्या परळपर्यंत येतो, म्हणून तो येथे नोंदवून ठेवायला हवा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मनोरुग्णालये भरमसाट फुगली, तेव्हा ही पद्धत मागे पडली. काम उरले, पण ते बहुधा संस्थेचा खर्च भागवण्यासाठी. रुग्णाने कपडे धुवायचे, लाकडे फोडायची. त्यातून त्याला काय मिळते, हे विचारणारा कोणी नव्हता.

तो प्रश्न विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत अमेरिकेत पुन्हा विचारला गेला. विचारणारी मंडळी मोठी चमत्कारिक होती. सुझन ट्रेसी परिचारिका होत्या. अंथरुणाला खिळलेल्यांना कोणती कामे देता येतात, यावर त्यांनी १९१० मध्ये पुस्तक लिहिले. विल्यम रश डंटन मनोविकारतज्ज्ञ होते. एलिनॉर क्लार्क स्लॅगल समाजकार्यातून आल्या होत्या. शिकागोच्या हल हाउसशी निगडित अभ्यासक्रमात त्या हे काम शिकल्या आणि पुढे त्यांनी तेथेच शिक्षकांची पहिली पिढी घडवली. जॉर्ज बार्टन हे तर वास्तुविशारद. क्षयाने खंगलेले, पायाची शस्त्रक्रिया झालेले आणि अर्धांगाच्या झटक्याने डावी बाजू गमावलेले बार्टन सुतारकाम आणि बागकाम करत स्वतःच सावरले. मग न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी त्यांनी ‘कन्सोलेशन हाउस’ नावाचे घर याच पद्धतीच्या उपचारासाठी उघडले. १५ मार्च १९१७ रोजी त्याच घरात मोजकी माणसे जमली आणि या व्यवसायाची पहिली राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तीच पुढे अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपी असोसिएशन म्हणून ओळखली जाऊ लागली. एका डॉक्टरापलीकडे या व्यवसायाच्या जनकांत वैद्यकाची पदवी घेतलेले कोणी जवळपास नव्हते. ही गोष्ट या व्यवसायाला पुढे अनेक वर्षे भोवली.

संघटना स्थापन झाली आणि तीन आठवड्यांत अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. हात-पाय गमावलेले आणि तोफांच्या भडिमाराने मन ढासळलेले सैनिक हजारोंनी परतू लागले. सैन्याने ‘रिकन्स्ट्रक्शन एड’ म्हणून स्त्रियांची भरती केली. त्यातल्या काहींनी व्यायाम आणि मालिश करायची, तर काहींनी विणकाम, टोपल्या, खेळणी, लाकूडकाम शिकवायचे. फिजिओथेरपी आणि व्यवसायोपचार यांच्या वाटा येथे वेगळ्या झाल्या. या स्त्रियांना घाईघाईने तयार करणारे अल्पमुदतीचे वर्ग ठिकठिकाणी निघाले. कॅनडातही टोरांटो विद्यापीठाने १९१८ मध्ये असेच वर्ग घेतले. फ्रान्समधील छावणी-इस्पितळांतल्या लष्करी डॉक्टरांना आधी हा बायकी विरंगुळा वाटला. रुग्ण पलंगावर शांत राहू लागले, बोटे हलवू लागले, तेव्हा याच डॉक्टरांकडून आणखी माणसांची मागणी होऊ लागली.

युद्ध संपल्यावर प्रश्न उरला तो टिकण्याचा. जॉन्स हॉपकिन्सचे मनोविकारतज्ज्ञ अॅडॉल्फ मायर यांनी १९२२ मध्ये एका निबंधात या कामाला वैचारिक बैठक दिली. काम, खेळ, विश्रांती आणि झोप यांचा तोल बिघडणे म्हणजे आजार, आणि तो तोल प्रत्यक्ष जगण्यातूनच परत आणावा लागतो, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्याच वर्षी, १९२३ मध्ये, संघटनेने प्रशिक्षणाचे किमान निकष ठरवले : किमान एक वर्षाचा अभ्यासक्रम आणि त्यात रुग्णालयातील प्रत्यक्ष काम. १९३५ मध्ये शाळा तपासण्याची जबाबदारी अमेरिकन मेडिकल असोसिएशनने घेतली. या निर्णयाने प्रतिष्ठा आली, पण दोरीही डॉक्टरांच्या हाती गेली. अभ्यासक्रमात शरीररचना आणि शरीरक्रिया वाढल्या, तरी विद्यार्थिनींचा मोठा वेळ मागावर, भट्टीपाशी आणि सुताराच्या बाकावर जाई. शिकणाऱ्या जवळजवळ सगळ्या मध्यमवर्गीय गोऱ्या मुली होत्या, हेही खरे. एलिझाबेथ कॅसन यांनी १९३० मध्ये ब्रिस्टल येथे ‘डॉर्सेट हाउस’ ही ब्रिटनमधली पहिली शाळा काढली, तिचेही चित्र फारसे वेगळे नव्हते.

भारतात मनोरुग्णांना कामाला लावण्याची रीत वसाहतकाळापासून होती. मनोरुग्णालयांत भाजीचे वाफे, हातमाग आणि सुतळीची कामे असत. पण त्यात उपचार किती आणि संस्थेचा फायदा किती, हे सांगणे कठीण. जाणीवपूर्वक उपचार म्हणून असा विभाग उघडला तो रांचीच्या युरोपियन मनोरुग्णालयात, १९२२ मध्ये. तेथील अधीक्षक ओवेन बर्कली-हिल हे मनोविश्लेषणाचे अभ्यासक होते. त्या विभागाने शाळेचे रूप मात्र घेतले नाही. मनोरुग्णालयाच्या कुंपणाबाहेर त्याचा फारसा गाजावाजाही झाला नाही.

शाळेची गरज भासली ती १९४०च्या दशकात, आणि तिची कारणे शारीरिक होती. महायुद्धातल्या जायबंदी जवानांसाठी १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. त्याच दशकाच्या शेवटी मुंबईत पोलिओची साथ आली. आपल्या मुलीच्या पोलिओने हादरलेल्या फातिमा इस्माईल यांनी मुंबईत अपंग मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केले होते. असली केंद्रे काढणे सोपे, पण ती चालवायला प्रशिक्षित माणसे देशात नव्हती. तिकडे वेल्लोरला पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांच्या वाकड्या बोटांवर स्नायूंच्या कंडरांची फेरजोडणी करत होते. शस्त्रक्रियेनंतर त्या हाताला नव्याने काम शिकवणारे कोणी नसेल, तर सगळी मेहनत वाया, हे त्यांच्या लवकर ध्यानात आले. परळच्या केईएम रुग्णालयात वेगळाच जथा येई. चहूबाजूंनी कापडगिरण्या असल्याने यंत्रात सापडलेली बोटे आणि चिरडलेले तळवे तेथील डॉक्टरांना नवे नव्हते.

या परळमध्येच भारतातील व्यवसायोपचाराची पहिली शाळा १९५० साली सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या कमला निंबकर यांचे मूळ नाव एलिझाबेथ लुंडी. त्यांचा जन्म १९०० सालचा, अमेरिकेतील क्वेकर कुटुंबातला. १९३० मध्ये त्या भारतात आल्या, विष्णुपंत निंबकरांशी त्यांचा विवाह झाला आणि कमला हे नाव घेऊन त्या इथल्याच झाल्या. चाळिशी उलटल्यावर अमेरिकेत जाऊन त्यांनी व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण घेतले आणि परत येऊन केईएममध्ये त्याचे बीज लावले. महाराष्ट्राला निंबकर हे नाव फलटणमुळे अधिक माहीत आहे. कमलाबाईंचे चिरंजीव बनबिहारी निंबकर यांनी तेथे शेतीसंशोधनाची संस्था उभारली. इरावती कर्वे यांच्या कन्या, कादंबरीकार जाई निंबकर या कमलाबाईंच्या सूनबाई. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणमध्ये मुलांसाठी काढलेली शाळा ‘कमला निंबकर बालभवन’ या नावानेच चालते. फलटणच्या अनेकांना हे नाव शाळेमुळे ओळखीचे आहे. त्यामागची बाई देशातल्या एका वैद्यकीय व्यवसायाची संस्थापक होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

केईएममधल्या शाळेला पहिल्यापासून दोन आघाड्यांवर झगडावे लागले. पहिली आघाडी डॉक्टरांची. औषध नाही, सुई नाही, रुग्णाला सुतारकाम करायला लावायचे आणि त्याला उपचार म्हणायचे, हे गळी उतरायला वेळ लागला. दुसरी आघाडी अधिक खोलवरची होती. अमेरिकी अभ्यासक्रमात हस्तकला शिकवणे सोपे होते, कारण तेथे छंद म्हणून हस्तकला हा सुखवस्तू वर्गाचा विषय होता. भारतात बुरूडकाम, सुतारकाम, चांभारकाम या ठरावीक जातींच्या वाट्याला आलेल्या गोष्टी होत्या. मध्यमवर्गीय घरातल्या मुलीने पांढरा कोट घालून टोपली विणायला शिकायचे आणि ती तशीच मध्यमवर्गीय रुग्णाला शिकवायची, याला अडसर हाताचा नव्हता, मनाचा होता. गांधीजींच्या सूतकताईने आणि मूलोद्योगी शिक्षणाच्या प्रयोगांनी ही वाट थोडी मोकळी केली होती, असे मानायला जागा आहे. याच काळात विदर्भात शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन आणि बाबा आमट्यांचे आनंदवन कुष्ठरुग्णांना शेती, विणकाम, सुतारकाम देत होते. तेथे व्यवसायोपचार हे नाव नव्हते आणि परळच्या शाळेशी त्यांचा संबंधही नव्हता. तरी कामाने माणूस सावरतो हा विचार मराठी मुलखाला परका नव्हता, एवढे त्यातून दिसते.

१९५२ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञ संघटना, म्हणजेच एआयओटीए, त्या वर्षी स्थापन झाली आणि कमला निंबकर तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. त्याच वर्षी वर्ल्ड फेडरेशन ऑफ ऑक्युपेशनल थेरपिस्ट्स ही जागतिक संघटना आकाराला आली. तिच्या दहा संस्थापक देशांत अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, स्वीडन, डेन्मार्क, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि इस्रायल यांच्या बरोबरीने भारत होता. देशात या विषयाची जेमतेम एक शाळा आणि मूठभर तज्ज्ञ असताना भारताला तेथे खुर्ची मिळाली, हे एका बाईच्या चिकाटीचे फळ होते. त्याचा व्यावहारिक लाभ मोठा झाला. जागतिक संघटनेने अभ्यासक्रमाचे किमान निकष ठरवले. विद्यार्थ्याने रुग्णांबरोबर किमान हजार तास काम केलेच पाहिजे, हा त्यातला सर्वांत ठळक नियम आजही आहे. ते निकष पाळणाऱ्या मुंबईतल्या शाळेची विद्यार्थिनी परदेशातही व्यवसायोपचारतज्ज्ञ म्हणून ओळखली जाऊ लागली.

पुढच्या वर्षांत शाळा वाढल्या. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शाळा निघाली, तिच्यामागेही कमलाबाईंचा हात होता. मुंबईत शीव आणि नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत शाळा निघाल्या. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या, हाजी अलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत पुनर्वसनाचे सगळे विभाग एका छपराखाली आले. वेल्लोर, दिल्ली, कोलकाता, कटकजवळचे ओलाटपूर, मणिपाल ही पुढची ठिकाणे. शिकवणी पदविकेपासून सुरू झाली आणि हळूहळू विद्यापीठाच्या पदवीपर्यंत पोहोचली. आज महाराष्ट्रात ही महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. हे विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले. अभ्यासक्रमात इंटर्नशिप आली आणि मागाची जागा आक्रसली. आता विद्यार्थी गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकच्या पत्र्यापासून रुग्णाच्या मनगटावरच स्प्लिंट घडवायला शिकतो. लहान मुलाने पेन्सिल कशी धरली, यावरून त्याच्या खांद्याचे बळ ताडायलाही शिकतो. एकेकाळी वर्गाच्या मधोमध असलेले माग बहुतेक ठिकाणी आता कोपऱ्यात गेले आहेत, काही ठिकाणी नाहीतच.

पदव्युत्तर शिक्षणाची कल्पना मात्र परळची नव्हे, कॅलिफोर्नियाची. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हा व्यवसाय पुनर्वसनाच्या लाटेवर स्वार झाला होता. १९४७ मध्ये हेलेन विलार्ड आणि क्लेअर स्पॅकमन यांचे पाठ्यपुस्तक निघाले. पुढे अनेक आवृत्त्यांतून ते जगभरच्या वर्गांत पोहोचले आणि भारतीय विद्यार्थ्यांच्या तीन-चार पिढ्या ‘विलार्ड-स्पॅकमन’ असे जोडनाव घेत त्यावरच वाढल्या. पण लाटेबरोबर एक घसरणही आली. सांध्याचा कोन किती अंशांनी वाढला, स्नायूची शक्ती किती झाली, एवढ्यावरच भर जाऊ लागला. मग फिजिओथेरपीपेक्षा यात वेगळे काय, असे डॉक्टर विचारू लागले, आणि प्रामाणिकपणे पाहिले तर उत्तर सोपे नव्हते.

लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात १९४२ पासून या विषयाचा विभाग होता. तेथील मेरी रायली यांनी १९६१ मध्ये एलिनॉर क्लार्क स्लॅगल व्याख्यान दिले आणि व्यवसायाला खडसावले. माणूस स्वतःच्या हातांनी, मनाने आणि इच्छेने काम करून आपल्या आरोग्यावर प्रभाव पाडू शकतो, हा या व्यवसायाचा मूळ विचार विसाव्या शतकाच्या वैद्यकातल्या मोठ्या विचारांपैकी एक ठरू शकतो, असे त्या म्हणाल्या. पण तो विचार सिद्ध करायचा तर तपासावा लागेल, आणि तपासायला नुसते तंत्र शिकलेली माणसे पुरणार नाहीत, हा त्याचा ओघानेच येणारा भाग. पदव्युत्तर वर्गांचे खरे कारण येथे सापडते. पगार किंवा पदोन्नती यांच्या आधी ती सैद्धांतिक गरज होती.

त्या वर्गांतून काय निघाले, हे दोन नावांवरून कळते. जीन एअर्स व्यवसायोपचारतज्ज्ञ होत्या, नंतर त्यांनी मानसशास्त्रात डॉक्टरेट घेतली. शिकण्यात मागे पडणाऱ्या काही मुलांचा मेंदू स्पर्श, तोल आणि हालचाल यांची संवेदना नीट जुळवत नाही, अशी मांडणी त्यांनी १९७२ मध्ये पुस्तकरूपात केली. संवेदी एकीकरण किंवा सेन्सरी इंटिग्रेशन या नावाने ती जगभर पसरली. आज मुंबई-पुण्यात स्वमग्न मुलांसाठीच्या केंद्रांत छतापासून लोंबणारे झोके, गोल गाद्या आणि तांदूळ भरलेल्या परातींचे कोपरे दिसतात, ते या मांडणीचे वंशज. तिच्या पुराव्यावर वाद आहेत आणि ते रास्तही आहेत, पण वादासाठीही सिद्धांत लागतो. दुसरे नाव गॅरी किल्हॉफनर यांचे. रायलींच्या हाताखाली त्यांनी १९७५ मध्ये लिहिलेल्या पदव्युत्तर प्रबंधातून पुढे ‘मॉडेल ऑफ ह्यूमन ऑक्युपेशन’ उभे राहिले. माणूस एखादे काम का निवडतो, त्याची सवय कशी बनते आणि परिस्थिती त्याला कशी अडवते, हे एकत्र पाहणारी ही चौकट १९८० पासून लेखांतून मांडली गेली. भारतात पदव्युत्तर विद्यार्थ्याला व्हायवामध्ये तिच्यावर प्रश्न आला नाही, असे क्वचितच होते. एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाने संपूर्ण व्यवसायाला भाषा द्यावी, असे उदाहरण दुसऱ्या वैद्यकीय शाखेत सहज सापडणार नाही. १९८९ मध्ये एलिझाबेथ यर्क्सा यांच्या पुढाकाराने त्याच विद्यापीठात ‘ऑक्युपेशनल सायन्स’ या नव्या विद्याशाखेची पीएच.डी. सुरू झाली आणि वर्तुळ पूर्ण अकादमिक झाले.

मग पदव्यांची चढाओढ सुरू झाली. १९९९ मध्ये अमेरिकेतील मान्यता देणाऱ्या मंडळाने ठरवले की, १ जानेवारी २००७ पासून फक्त पदवीनंतरच्या अभ्यासक्रमांनाच मान्यता राहील. म्हणजे व्यवसायाचे दारच पदव्युत्तर पातळीवर गेले. कॅनडानेही त्याच सुमारास हा रस्ता धरला. दरम्यान फिजिओथेरपी डॉक्टरेटकडे सरकत होती, आणि शेजाऱ्याच्या घराची उंची पाहून आपले जोते वाढवण्याची प्रवृत्ती व्यवसायांनाही सुटत नाही. २०१७ मध्ये त्याच मंडळाने जाहीर केले की, २०२७ पासून व्यवसायोपचारातही प्रवेशासाठी डॉक्टरेटच लागेल. त्यावर मोठा गदारोळ झाला. फी वाढेल, गरीब घरांतली आणि कृष्णवर्णीय मुले आणखी मागे पडतील, वाढीव वर्षामुळे रुग्णाला काय अधिक मिळेल याचा पुरावा नाही, असे आक्षेप आले. २०१८ मध्ये निर्णय थांबवला गेला आणि २०१९ मध्ये मागे घेतला. आता तेथे दोन्ही पातळ्या समांतर चालतात. माघार शहाणपणाची होती. रायलींनी सिद्धांतासाठी मागितलेली पदवी येथवर येईपर्यंत बरीचशी दर्जाची निशाणी बनली होती.

या घडामोडींचा धक्का महाराष्ट्रातल्या घरांपर्यंत पोहोचला. मुंबई आणि नागपूरच्या शाळांतून निघालेल्या तज्ज्ञांची एक मोठी फळी आधीपासून अमेरिकेत होती, कारण तेथे मनुष्यबळाची टंचाई होती आणि येथील शिक्षण जागतिक निकषांत बसत होते. पण दार पदव्युत्तर पातळीवर गेल्यावर परदेशी शिक्षण घेतलेल्यांनाही तेवढ्याच तोलाची पदवी दाखवणे भाग पडले. येथे चार वर्षे आणि इंटर्नशिप करून निघालेल्या मुलीला तेथे पुन्हा मास्टर्स करावे लागले. तिच्यासाठी वेगळे जोड-अभ्यासक्रमही अमेरिकी विद्यापीठांनी काढले. पदवी मिळाली तरी राष्ट्रीय परीक्षा उरतेच, आणि परवाना प्रत्येक राज्याचा वेगळा. शैक्षणिक कर्ज, व्हिसा आणि परीक्षेची फी यांचा हिशेब करूनच आता या शाखेतली अनेक घरे निर्णय घेतात.

भारतात पदव्युत्तर शिक्षणाचा अर्थ वेगळा आहे. येथे व्यवसायाचे दार पदवीच आहे. मास्टर्स हे त्यानंतरचे विशेषीकरण आहे, बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचे. मेंदू व मज्जारज्जूचे आजार, अस्थिव्यंग, बालविकास, मानसिक आरोग्य, हाताचे पुनर्वसन, समाजाधारित पुनर्वसन अशा शाखांपैकी एक विद्यार्थ्याने निवडायची असते. पहिल्या वर्षात संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र येते. ते आतापर्यंत कधी न शिकलेल्यांची तारांबळ उडते. विषय ठरवायचा, गाईडकडून तो पक्का करून घ्यायचा, नीतिसमितीपुढे ठेवायचा, सिनॉप्सिस विद्यापीठाला पाठवायचा आणि मग रुग्ण जमवायला लागायचे. रुग्ण जमवणे हा यातला सर्वांत कठीण भाग. सरकारी रुग्णालयात रुग्णांची रीघ असते, पण गावाकडून आलेला पक्षाघाताचा रुग्ण तीन भेटींनंतर परत येत नाही, आणि बारा आठवड्यांचा अभ्यास चार आठवड्यांत अडकून पडतो. त्याच वेळी वॉर्डातली ड्युटी, पदवीच्या विद्यार्थ्यांना शिकवणे आणि केस प्रेझेंटेशन चालूच असतात.

भारतीय प्रबंधांचा सगळ्यात मोलाचा विषय कोणता, यावर मतभेद होऊ शकतील. पण जो विषय येथेच होऊ शकतो, तो मोजमापांचा. रुग्ण रोजची कामे कितपत करतो, हे मोजणाऱ्या प्रसिद्ध पट्ट्या पाश्चात्त्य घराला धरून बनल्या. फ्लॉरेन्स महोनी आणि डोरोथिया बार्थेल यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेला बार्थेल निर्देशांक आजही वॉर्डावॉर्डात वापरतात. त्यात खुर्ची, पायऱ्या, कमोड, बाथटब गृहीत आहेत. उकिडवे बसणे नाही, मांडी घालून जेवायला बसणे नाही, बोटांनी वरणभात कालवणे नाही, नऊवारी किंवा सहावारी साडी नेसणे नाही, तांब्याने अंगावर पाणी घेणे नाही. परळच्या चाळीतल्या आजीला या पट्टीवर पूर्ण गुण मिळाले, तरी ती सार्वजनिक संडासात बसू शकत नसेल, तर तिचे स्वावलंबन कागदावरचे. कृत्रिम पायाच्या बाबतीत हीच अडचण जयपूरच्या रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी ओळखली होती, म्हणूनच जयपूर फूट उकिडवे बसता येईल असा घडला. व्यवसायोपचारात असे काम एका शोधाने होत नाही, शंभर छोट्या तपासण्यांनी होते. आणि छोट्या तपासण्या करणारा वर्ग म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थी. त्यांचे बरेचसे काम ग्रंथालयाच्या कपाटात जाऊन पडते. एआयओटीएच्या ‘इंडियन जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपी’ या नियतकालिकात आणि वार्षिक परिषदेत त्यातले थोडेच बाहेर येते.

पदवी मिळाली तरी या व्यवसायाला कायद्याचे कवच फार उशिरा मिळाले. डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका आणि औषधनिर्माते यांच्या परिषदा स्वातंत्र्यानंतर लवकरच होत्या. व्यवसायोपचाराची केंद्रीय परिषद नव्हती, त्यामुळे एखादा मालिशवाला स्वतःला थेरपिस्ट म्हणवू लागला, तर त्याला रोखणारे कोणी नव्हते. दिल्लीने १९९७ मध्ये आणि महाराष्ट्राने २००२च्या कायद्याने व्यवसायोपचार आणि फिजिओथेरपी यांची एकत्र राज्य परिषद केली आणि नोंदणी सुरू झाली. मागणीही वाढली होती. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात अपंगत्वे होती. २०१६च्या कायद्यात ती एकवीस झाली. स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, पार्किन्सन हे त्यातले काही नवे गट, आणि त्यांत व्यवसायोपचाराचे काम मोठे आहे.

केंद्रीय कायदा २०२१ मध्ये आला. राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा हा कायदा २८ मार्च २०२१ रोजी राष्ट्रपतींच्या संमतीने मंजूर झाला. त्यात आरोग्यसेवा व्यावसायिक होण्यासाठी तीन ते सहा वर्षांत विभागलेल्या किमान ३,६०० तासांच्या शिक्षणाची पदवी आवश्यक ठरवली आहे. सहयोगी व्यावसायिकासाठी हाच आकडा २,००० तासांचा आहे. कायद्याच्या अनुसूचीत व्यवसायोपचाराला फिजिओथेरपीपासून वेगळा, स्वतःचा गट आहे. अभ्यासक्रम, परीक्षा आणि देशभरची नोंदवही यांची जबाबदारी त्या आयोगाकडे आणि त्याच्या राज्य परिषदांकडे दिलेली आहे.